वस्ती रिकामी

कळंबच्या बचाव पथकात मी तीन वर्षं होते. महिला सेक्शन, नंबर सात. चीनच्या लढाईनंतर तालुक्यात हे पथक उभं राहिलं. पुरुषांचे दोन सेक्शन आणि बायकांचा एक. आम्ही बारा जणी होतो. ड्रेस म्हणजे पांढरं लुगडं, खाकी झंपर आणि कॅनव्हासचे बूट. ते बारा झंपर मीच शिवले, कारण कळंबात माझं शिवणाचं मशीन होतं. झंपर तयार झाल्यावर बाराव्या बाईच्या सासऱ्यांनी तिला पाठवायला नकार दिला. आमच्या सेक्शन लीडर म्हणजे मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाई. त्या म्हणाल्या, "मग आता हा झंपर तूच घाल." मला नाही म्हणता आलं नाही. उंचीप्रमाणं नंबर लागले, तेव्हा माझा सातवा आला.

परेड दर रविवारी, सकाळी सात ते नऊ, कचेरीमागच्या मैदानात. परेड घेणारे हवालदार साळुंके मूळचे ईट गावचे. फौजेत अठरा वर्षं काढून पेन्शनवर आलेले. लेफ्ट-राइट, दोराच्या गाठी, स्ट्रेचर, बुडालेल्या माणसाच्या पोटातलं पाणी काढणं, हे सगळं त्यांनी आम्हाला शिकवलं. गाठी मला लवकर आल्या. हजेरीचं मात्र शेवटपर्यंत जमलं नाही.

"सात नंबर."

मी हजर म्हणायचे. त्यांना ऐकू जायचं नाही.

"सात नंबर आली का घरीच राहिली?"

शेजारची सहा नंबर सांगायची, "हाय साहेब. म्हणली ती."

"मला न्हाई ऐकू आलं. बाई, तोंडात टाचण्या धरल्यात का?"

बायका हसायच्या. मीही हसायचे. आवाज काही वाढला नाही.

पुरासाठी पथकाकडं होडी नव्हती, काहील होती. गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात ती लोखंडी कढई. पाच हात रुंद, मांडीला लागेल एवढी खोल. गुऱ्हाळ थंडीत चालतं, त्यामुळं पावसाळ्यात काहील मोकळी असते आणि नदीकाठचे लोक तिच्यातूनच पैलतीराला जातात. तिला पुढचं टोक नाही आणि मागचंही नाही. ती पाण्यात गरगर फिरते. म्हणून तिच्या कडीला विहिरीच्या मोटेचे जाड नाडे जोडून लांब दोर बांधायचा आणि काठावरच्या सात-आठ माणसांनी तो सोडायचा आणि ओढायचा.

काहिलीत बसून बांबूनं ती सांभाळणारा माणूस एकच, लक्ष्मण भोई. चाळिशीचा, अंगानं वाळका. मांजरा नदीच्या काठाला राहायचा, मासे धरायचा, लोकांना पलीकडं सोडायचा. तो पथकात नव्हता. त्याला ड्रेस नव्हता, नंबर नव्हता. गरज पडली की त्याला बोलावणं जायचं.

पहिल्या सरावाला हवालदारांनी त्याला शिट्टीचे इशारे समजावले. एक लांब म्हणजे थांबा. दोन आखूड म्हणजे ओढा.

लक्ष्मण म्हणाला, "सायेब, माज्याकडं शिट्टी न्हाय."

"तू हात वर कर. हात वर म्हणजे आम्ही ओढणार."

"आन् नदीला काय सांगू? ती तुमचं लेफ-राइट ऐकत न्हाय."

हवालदार सहसा हसत नसत. त्या दिवशी हसले.

त्या वर्षी भादव्यात दोन दिवस वरच्या अंगाला पाऊस लागून राहिला. कळंबात नुसती भुरभुर होती. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला पोलीस शिपायानं दार वाजवलं. मांजरेला पूर आलाय, सहाला फॉल इन. घरच्यांनी विचारलं, "तुम्हाला बायकांना कशाला?" शिपाई म्हणाला, "भात कोण रांधणार?" तेवढ्यावर मला सोडलं.

ट्रकनं आम्ही नदीकाठच्या गावात सात वीसला पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही, त्या घरातली माणसं अजून तिथं आहेत. गाव उंचावर होतं, त्याला भीती नव्हती. गावाच्या खाली ओढा आणि ओढ्यापलीकडं देशमुखांची वस्ती. एरवी ओढ्यातून चालत वस्तीवर जाता येतं. त्या दिवशी नदीचं पाणी ओढ्यात उलटं शिरलं होतं आणि वस्ती चारी बाजूंनी पाण्यात होती. मधलं पाणी दीडशे पावलं रुंद असेल. रंग गढूळ तांबडा. पाण्यातून कडब्याच्या पेंढ्या, कोंबड्यांची खुराडी, एक मेलेलं वासरू जात होतं. वस्तीत देशमुखांचं माळवदाचं घर, खाली दगड आणि वर माती. भोवती गड्यांची घरं आणि गोठे. माणसं छपरांवर बसलेली काठावरून दिसत होती.

हवालदारांनी ऑर्डर दिली.

"एक नंबर सेक्शन, दोर. दोन नंबर सेक्शन, माणसं उतरवून घेणं. महिला सेक्शन, शाळा. रांधणं, कपडे, नोंद. प्रश्न?"

प्रश्न कुणालाच नव्हता.

शाळा काठापासून पाच मिनिटांवर. व्हरांड्यात पोलिसांनी वायरलेसचं यंत्र मांडलं होतं. आत आम्ही चुली लावल्या. माझं अक्षर बरं म्हणून बायका-मुलांची यादी माझ्याकडं दिली.

पहिली खेप आठ दहाला निघाली. काहील एका वेळी चार-पाच माणसं घ्यायची. दुसऱ्या खेपेत एका बाईनं पदराखाली शेळी आणली. उतरताना शेळी ओरडली तेव्हा कळलं. लक्ष्मण म्हणाला, "तिचं बी नाव लिवा. वाटंत तीच एकटी गप बसली हुती."

अकरा चाळीसपर्यंत पाच खेपा झाल्या. एकवीस माणसं आली. पाचव्या खेपेला हवालदार स्वतः गेले. कमरेला दोर बांधून त्यांनी प्रत्येक दारात उभं राहून तीनदा हाक दिली. देशमुखांच्या दारातही तीनदा दिली. ओ आली नाही. दार लोटून पाहिलं, हललं नाही. लाकूड पाण्यानं फुगलं असेल, असं त्यांना वाटलं. देशमुख आदल्या दिवशी बाजारासाठी कळंबला गेले होते आणि तिकडंच अडकले होते. त्यांचा मुलगा हैद्राबादला नोकरीला. घरची माणसं मालकाबरोबर गेली असणार, असं धरून ते परत आले. वहीत लिहिलं, वस्ती रिकामी.

वायरलेसवरचा जमादार तसंच पुढं बोलला. "वस्ती रिकामी. एकवीस बाहेर. ओव्हर."

मी आत यादी बघत होते. बायकांची नावं आठ. सगळ्या गड्यांच्या बायका. देशमुखांच्या घरातली एकही नाही.

त्या घरातल्या बायका बाहेरच्या माणसाला दिसत नसत. विहिरीवर नाही, देवळात नाही. तिथं किती बायका आहेत, हे गावालाही नीट सांगता आलं नसतं. मला माहीत होतं. माघात मी आतल्या खोलीत बसून मापं घेतली होती. आईसाहेबांची चोळी आणि सूनबाईंचे दोन झंपर. सूनबाईंना दिवस गेले होते, म्हणून शिवणीत चार बोटं जास्त कापड ठेवायला सांगितलं होतं. पुढं त्या बाळंतपणाला माहेरी गेल्या. परत आल्या की नाही, ते मला ठाऊक नव्हतं.

त्यांच्या घरी काम करणारी गंगू पाचव्या खेपेत आली होती. ती हंड्यातून पाणी काढत होती. मी तिच्याजवळ गेले.

"गंगू, वैनीसाहेब माहेरीच हायत का अजून?"

तिनं वर बघितलं नाही. "तसंच समजा."

"म्हंजे?"

"मला इचारू नका, सुभद्राबाई. आईसाहेबांनी बाळाच्या डोस्क्यावर हात ठिवून शपत घातलीया. कुनाला बोलायचं न्हाय."

"बोलू नको. आत किती जणं हायत?"

गंगूनं तांब्या खाली ठेवला. दोन बोटं वर केली. मग दोन्ही हात पोटाशी धरून हलवले, तान्ह्याला हलवतात तसे. बोलायची शपथ होती, बोटांची नव्हती.

"दारात हाका मारल्या तर ओ का दिली न्हाई?"

"खाकीवाले हुते." ती हळू बोलली. "रझाकाराच्या टायमाला असंच खाकीवाले दारात यायचे. आई म्हनायचे, माई म्हनायचे, दार उघडा म्हनायचे. आईसाहेब तवा तीन दिस धान्याच्या पेवात बसून ऱ्हायल्या हुत्या. आता खाकी दिसली की त्यांच्या तोंडातनं शबुद फुटत न्हाय. आन् दुसऱ्यालाबी फुटू देत न्हाईत."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा पन्नास झाले होते.

मी व्हरांड्यात आले. तिथं मामलेदार, जमादार, गावचे पाटील, हवालदार आणि आणखी दहा-बारा पुरुष यंत्राभोवती उभे होते. वरच्या चौकीचा आवाज येत होता. "पाणी चढतंय. तासाभरात तुमच्याकडं दोन हात वाढ धरा. ओव्हर."

मामलेदारांनी विचारलं, "वस्तीचं काय?"

हवालदार म्हणाले, "वस्ती रिकामी आहे साहेब."

मी खांबाशी उभी होते. मला हे ऐकू आलं. मी "साहेब" म्हटलं. पाटलांनी मागं वळून बघितलं आणि म्हणाले, "बाई, भाताचं बघा जरा. माणसं उपाशी हायत." मी दोन पावलं मागं गेले. मग पुन्हा खांबाशी आले. मामलेदार बोलत होते. ते थांबले तर जमादार बोलायला लागले. जमादार थांबले तर यंत्र बोलायला लागलं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते आणि कुणाचं तरी बोलणं संपायची वाट बघत होते. समोर उघड्या दारातून घड्याळ दिसत होतं. बारा झाले. बारा पाच झाले. मास्तरीणबाईंना सांगावं असं मनात आलं. त्या मागच्या अंगणात होत्या. तेवढं सुचूनही मी हलले नाही.

बारा दहाला हवालदार पाणी प्यायला वळले. मी समोरच होते.

"काय आहे, सात नंबर?"

"वस्ती रिकामी न्हाई."

त्यांना पहिल्यांदाच माझं बोलणं एका फटक्यात ऐकू गेलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"किती?"

"दोन बायका. एक तान्हं. देशमुखांच्या घरात."

"कुणी सांगितलं?"

गंगूचं नाव मी घेतलं नाही. "मी त्यांचे झंपर शिवते," एवढंच म्हणाले.

त्यांनी पुढं विचारलं नाही. "दार आतून लावलेलं होतं तर," असं स्वतःशीच बोलले. मग मला म्हणाले, "मला ओ देणार न्हाईत?"

"न्हाई. खाकी बघून देणार न्हाईत."

"तुम्हाला?"

"देतील."

हे बोलल्यावर मला कळलं की मी जाणार आहे. मास्तरीणबाई पळत आल्या. "ही? हिचा आवाज उंबऱ्यापलीकडं जात न्हाई. मी जाते."

हवालदार म्हणाले, "काहिलीत वजन बघून माणूस घ्यायचाय, बाई." मास्तरीणबाई अंगानं भरलेल्या होत्या. त्यांनी माझा पदर खांद्यावरून पुढं घेतला आणि कमरेला घट्ट खोचून दिला.

काठावर लक्ष्मण भाकरी खात बसला होता. हवालदारांनी दोन वाक्यांत सांगितलं. त्यानं पाण्याकडं बघितलं.

"फेस बघा, सायेब. पानी फिरलंय, वरनं नवं येतंय."

"जमेल?"

"जमंल. पर आत्ता. बोलत बसलो तर न्हाय."

उरलेली भाकरी त्यानं फडक्यात बांधून बाभळीच्या खोडाशी ठेवली. पोटाशी त्याची सांगड होती. वाळलेले चार भोपळे दोरीच्या जाळीत बांधलेले. ती अंगाला असली की माणूस बुडत नाही. मला म्हणाला, "बाई, मधोमध बसा. हात कडंवर ठिवू नका, बोटं जात्यात."

बारा वीसला आम्ही निघालो.

काहील दोनदा गरगर फिरली. मी डोळे मिटले नाहीत. लक्ष्मण बांबू टेकवायचा, उचलायचा, पुन्हा टेकवायचा. दहा मिनिटांत वस्तीला लागलो. देशमुखांच्या अंगणात पाणी गुडघ्याच्या वर होतं. काहील ओसरीच्या खांबाशी आली. मी उतरले. खाकी दिसू नये म्हणून पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेतला आणि दारावर थाप मारली.

"आईसाहेब, मी सुभद्रा. कळंबची. शिवणारी."

काही नाही.

पुन्हा तेच बोलले. मग लक्ष्मण म्हणाला, "बाई, पान्याचा आवाज हाय. मोठ्यानं." मी कवाडाच्या फटीला तोंड लावलं आणि ओरडले. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला आणि लगेच दाबला गेला.

"संगं कोन हाय?" आईसाहेबांचा आवाज अगदी दाराशी होता.

"लक्ष्मण भोई. एकटा."

"खोटं बोलतीस. सकाळी खाकीवाले आलते. म्या फटीतनं बघितलं."

"ते लोकांना काढायला आले होते, आईसाहेब. आता काठावर हायत. पाणी चढतंय, दार उघडा."

"कुनीबी सुभद्रा म्हनंल."

मी पुन्हा थाप मारली. मग त्याच बोलल्या. "माज्या चोळीला ठिगळ कुठं हाय?"

"उजव्या काखंत. आतून. तुम्हीच म्हणाला होता, वरून दिसू देऊ नको."

कडी निघाली.

आत पाणी पोटरीपर्यंत होतं. मागच्या भिंतीची माती निम्मी खाली आली होती आणि त्या जागेतून उजेड येत होता. सूनबाई बाळाला घेऊन ज्वारीच्या कणगीवर बसल्या होत्या. वय अठरा-एकोणीस. मी हात पुढं केला, त्यांनी बाळ दिलं. आईसाहेब देवघरात गेल्या.

"आईसाहेब, चला."

"देव घेते."

"वेळ न्हाई."

"तुला न्हाई. त्यांना पिढ्या झाल्या हितं."

त्यांनी देवाचे टाक ओच्यात बांधले. दोघींनी पदर तोंडावरून खाली ओढले. बाहेर आलो तेव्हा लक्ष्मण आमच्याकडं पाठ करून, नदीकडं तोंड करून उभा होता. तसं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पाठमोराच तो म्हणाला, "बाई, ही सांगड घ्या. ज्यांच्यापाशी लेकरू हाय त्यांना बांधा." आणि स्वतःच्या पोटाची दोरी सोडून भोपळे मागं धरले.

मी म्हटलं, "तुम्हाला, लक्ष्मणभाऊ?"

"मला पानी वळखतंय."

हवालदारांनी शिकवलेली गाठ मी सूनबाईंच्या पाठीवर बांधली. बाळ त्यांच्या छातीशी, भोपळ्यांच्या वर. बारा पंचेचाळीसला लक्ष्मणनं हात वर केला. काठावरून दोन आखूड शिट्ट्या आल्या. दोर ताणला.

निम्म्यात आलो तेव्हा पाणी वाढायला लागलं. लाट अशी आली नाही. काठ खाली गेल्यासारखा वाटला. वरच्या बाजूनं एक बाभळीचं झाड येत होतं, मुळांसकट उपटलेलं. लक्ष्मणनं बांबूनं काहील मागं ढकलायचा प्रयत्न केला. झाड आमच्यापुढून गेलं असतं, पण त्याच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात आमचा दोर अडकला.

काहील एका बाजूला कलली. कडेवरून पाणी आत आलं. काठावर एक लांब शिट्टी वाजली. त्यांनी ओढणं थांबवलं. ओढलं तर कड बुडणार होती. सोडलं तर झाड आम्हाला घेऊन नदीत जाणार होतं. आतलं पाणी घोट्याच्या वर आलं. आईसाहेब पदराखाली काहीतरी पुटपुटत होत्या. सूनबाईंनी बाळ वर उचलून धरलं.

लक्ष्मणनं बांबू माझ्या मांडीवर आडवा ठेवला. "धरा."

त्यानं झाडाच्या बुंध्यावर पाय टाकला. मी उभी राहिले. का राहिले, सांगता येत नाही. काहील डचमळली.

"बाई, खाली बसा."

मी बसले.

तो बुंध्यावरून ओणवा होऊन बेचक्यापर्यंत गेला. दोर दोन्ही हातांनी धरून वर उचलत होता. ताण होता, निघत नव्हता. मग तो फांदीवर छातीनं आडवा पडला, त्याच्या वजनानं फांदी पाण्यात दबली आणि दोर सुटला. त्यानं एक हात वर केला.

दोन आखूड शिट्ट्या. काहील एकदम काठाकडं ओढली गेली.

दोराच्या ताणानं झाड तोवर एका अंगावर थांबलं होतं. ताण गेला तसं ते उलटलं. मुळं वर आली, फांद्या खाली गेल्या. लक्ष्मण फांद्यांच्या बाजूला होता. मी बघत होते. तो वर आला नाही.

आईसाहेबांनी पदराखालून विचारलं, "काय झालं गं?"

मी म्हटलं, "बसून राहा, आईसाहेब."

एक पाचला काहील काठाला लागली. दोन नंबर सेक्शननं बायकांना उतरवून घेतलं. हवालदार तोवर दोघांना घेऊन काठाकाठानं खाली पळत गेले होते. हातात दोराचं वेटोळं होतं. तासाभरानं परत आले. वेटोळं तसंच होतं. दुपारी देशमुखांच्या घराची मागची बाजू बसली. आवाज शाळेपर्यंत आला. लक्ष्मण तिसऱ्या दिवशी दोन कोस खाली एका वळणावर सापडला.

चार वाजता हवालदारांनी मला शाळेच्या वर्गात बोलावलं. ते बाकावर बसून रिपोर्ट लिहीत होते. मला वाचून दाखवला.

"देशमुखांच्या दारात तीन हाका दिल्या. दार लागलेलं होतं. ते फुगलं आहे असं समजून मी वस्ती रिकामी लिहिली. ही माझी चूक." त्यांनी वर बघितलं आणि पुढं वाचलं. "आत माणसं असल्याची खबर सात नंबरकडून बारा दहाला मिळाली. काहील बारा वीसला निघाली. झाड बारा पंचावन्नला आलं. वेळा बरोबर आहेत?"

मी म्हणाले, "व्हय."

त्यांनी सही केली. दौतीचं झाकण लावलं.

त्यानंतर पथकात नियम झाला. कुठल्याही वस्तीवर पहिल्या खेपेत महिला सेक्शनची एक बाई जाणार, दारात तीच हाक देणार, आणि तिनं आत जाऊन बघितल्याशिवाय कुणी रिकामी लिहिणार नाही. पुढच्या दोन पावसाळ्यांत मी चार वेळा गेले. चारी वेळा घरं खरंच रिकामी होती. हवालदार साळुंके पुढं ईटला आजारानं वारले. त्यांना मी काही सांगितलं नाही.

पथक सोडल्यावर एकदा मी लक्ष्मणच्या बायकोकडं गेले. काशीबाई. घरापुढं तिनं भोपळे वाळत मांडले होते आणि ती ते एकेक करून फिरवत होती. मी खाली बसले.

"काशीबाई, आत माणसं हायत हे मला अकरा पन्नासला कळलं होतं. मी बारा दहापर्यंत बोलले न्हाई. तेव्हाच निघालो असतो तर झाड यायच्या आत काठाला असतो."

ती भोपळा हातात धरून थांबली. "का बोलला न्हाईसा?"

"पुरुष बोलत होते. म्हटलं, थांबू द्यावं."

"मग थांबले का?"

"न्हाई."

तिनं तो भोपळा पालथा ठेवला. पुढचा घेतला. मला वाटलं ती जा म्हणेल. मग तिनं विचारलं, "शेवटाला काय म्हनला त्यो?"

"बाई, खाली बसा, म्हणाले."

"बसलासा?"

"बसले."

"मग बरं केलंसा," ती म्हणाली. "त्येचं त्या घडीला तरी कुनी ऐकलं."

तिनं मला चहा केला. मी प्याले. तिनं मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तसं ती काही बोलली नाही.

पथकाच्या पटावर लक्ष्मणचं नाव नाही, कारण त्याला नंबर नव्हता. वर गेलेल्या कागदात तो 'एक नावाडी' एवढाच आहे. म्हणून मी इथं लिहिते. लक्ष्मण रामा भोई, राहणार मांजराकाठ. त्या दिवशी त्यानं सहा खेपा केल्या आणि चोवीस माणसं आणली. सहावी खेप वीस मिनिटं उशिरा निघाली, ती माझ्यामुळं. खबर बारा दहाची नाही, अकरा पन्नासची.